ख्रिस्ती राष्ट्राचं कलम लिहिण्याआधी : फिजीच्या संसदेला खुलं पत्र

प्रति,
फिजीच्या संसदेचे सन्माननीय सदस्य,
ग्रेट कौन्सिल ऑफ चीफ्सचे सदस्य,
आणि मेथडिस्ट व इतर मंडळ्यांचे धुरीण

नि सा बुला विनाका आणि नमस्कार.

2013 च्या राज्यघटनेतलं धर्मनिरपेक्ष राज्याचं चौथं कलम काढावं आणि त्या जागी ‘फिजी हे ख्रिस्ती राष्ट्र आहे’ असं वाक्य घालावं, ही मागणी तुमच्याकडे नवी नाही. 1987 च्या लष्करी बंडापासून प्रत्येक घटनेच्या वेळी ती वर आली आणि खाली बसली. आता बदललंय ते गणित. घटनादुरुस्तीसाठी संसदेतले तीन चतुर्थांश सदस्य आणि शिवाय एकूण नोंदणीकृत मतदारांपैकी तीन चतुर्थांश लागत होते, म्हणजे मतदानाला न आलेला माणूसही आपोआप विरोधात मोजला जायचा. ऑगस्ट 2025 मध्ये तुमच्या सर्वोच्च न्यायालयाने मत दिलं, की दोन तृतीयांश सदस्य आणि सार्वमतातलं साधं बहुमत पुरेल. 55 जणांच्या सभागृहात 42 चा आकडा 37 वर आला. कालपर्यंत जे वाक्य प्रवचनात होतं ते उद्या मसुद्यात येऊ शकतं, म्हणून हे पत्र.

आम्ही धर्म आणि राज्यघटना यांच्या नात्याचा अभ्यास करणारी मराठी माणसं. तुमच्या घटनेत आमचं काय काम, असं कुणी विचारलं तर उत्तर आहे आमची कोकणपट्टी. वसईने दोनशे वर्षं आणि गोव्याने चारशे वर्षं ख्रिस्ती राजधर्म जवळून पाहिला. त्याचे हिशेब अजून गावोगावच्या देवळांत आणि चर्चच्या दप्तरांत सापडतात. ख्रिस्ताविषयी तुम्हाला आम्ही काय सांगणार? सांगायचं आहे ते कलमाविषयी.

एक गोष्ट आधीच मान्य करतो. चौथ्या कलमावरचा तुमचा राग समजण्यासारखा आहे. 2012 मध्ये घटना आयोगाने लोकांत फिरून केलेला मसुदा बाजूला टाकला गेला, आणि 2013 ची घटना सार्वमताशिवाय वरून उतरली. वनुआ, लोतु आणि मतानितु, म्हणजे भूमी, धर्म आणि राज्य, हे तीन पेड एकत्र वळलेले असतात असं मानणाऱ्या समाजाला ‘धर्म ही खासगी बाब’ हे वाक्य कुणीतरी बाहेरून चिकटवल्यासारखं वाटणारच. पण कलम कसं आलं हा एक प्रश्न, आणि ते आज कोणतं काम करतं हा दुसरा. दुसऱ्याकडे नीट पाहू.

चौथ्या कलमाच्या तिसऱ्या पोटकलमात चार तुकडे आहेत. राज्याने आणि प्रत्येक सार्वजनिक पदाधिकाऱ्याने सगळ्या धर्मांना समान वागवायचं. कुणावर धर्मश्रद्धा लादायची नाही. एका धर्माला, पंथाला किंवा प्रथेला दुसऱ्यापुढे झुकतं माप द्यायचं नाही. आणि धर्माचं कारण देऊन कुणालाही कायदा झुगारता येणार नाही. तिसऱ्या तुकड्यात ‘पंथ’ हा शब्द मुद्दाम आहे. 2007 च्या जनगणनेत तुमच्याकडे ख्रिस्ती 64.4 टक्के, हिंदू 27.9 आणि मुस्लिम 6.3. पण त्या 64.4 मध्ये मेथडिस्ट या सगळ्यात मोठ्या पंथाचे 34.6 टक्केच. उरलेले कॅथलिक, असेंब्लीज ऑफ गॉड, सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट आणि इतर कितीतरी. या कलमाचा आडोसा सनातन धर्म सभेला जितका आहे तितकाच नांदी किंवा लाबासामधल्या लहानशा पेंटेकोस्टल मंडळीला आहे. तो काढला की आधी कोण भिजेल, याचा अंदाज बहुतेकांचा चुकतो.

तुवालूचं उदाहरण घ्या, तुमच्या शेजारचंच. तिथली घटना ख्रिस्ती तत्त्वांचा आधार सांगत होती. 2003 मध्ये नानुमांगा बेटावर ब्रदरन मंडळीचे लोक प्रचाराला आले, तेव्हा बेटाच्या पारंपरिक सभेने नव्या मंडळीला बंदी घातली. 2005 मध्ये उच्च न्यायालयाने बंदी उचलून धरली. परंपरा आणि बेटाची एकी टिकवण्यासाठी ती चालेल असं म्हटलं. ती चुकीची होती हे अपील न्यायालयाकडून यायला 2009 उजाडलं, आणि तेही बहुमताने, एकमताने नव्हे. दोन्ही बाजूंना बायबल तेच होतं. तिथे ना हिंदू होता ना मुसलमान.

आता मसुद्याकडे. ‘ख्रिस्ती राष्ट्र’ हे शब्द घटनेत दोन ठिकाणी बसू शकतात आणि प्रत्येक ठिकाणी वेगळं काही बिघडतं.

पहिली जागा उद्देशिका. झांबियाने हे केलं. 29 डिसेंबर 1991 ला राष्ट्राध्यक्ष फ्रेडरिक चिलुबा यांनी लुसाकाच्या स्टेट हाउसमध्ये घोषणा केली. 1996 मध्ये ती उद्देशिकेत गेली. 2016 च्या दुरुस्तीनंतर उद्देशिका म्हणते ख्रिस्ती राष्ट्र, आणि चौथं कलम म्हणतं बहुधर्मीय राज्य. एकाच पुस्तकात दोन्ही. उद्देशिकेवरून कुणी थेट दावा लावू शकत नाही, त्यामुळे हे चालून जाईल असं वाटतं. पण शोभेचं वाक्य शोभेपुरतं राहत नाही. त्याला ‘अर्थ द्या’ अशी मागणी सुरू होते. 2016 मध्ये धर्मव्यवहारांचं वेगळं मंत्रालय निघालं, 2021 मध्ये नव्या सरकारने ते बंद केलं. 2019 च्या दहा क्रमांकाच्या विधेयकाने ‘बहुधर्मीय’ शब्द काढायचा आणि ‘नैतिकता’ऐवजी ‘ख्रिस्ती नैतिकता’ लिहायचा घाट घातला. त्यात इतर राजकीय भानगडी भरपूर होत्या. ऑक्टोबर 2020 मध्ये 111 मतं हवी असताना 105 मिळाली आणि विधेयक फेटाळलं गेलं. ज्यांनी घोषणा केली त्या चिलुबांना पुढे 2007 मध्ये लंडनच्या न्यायालयाने सरकारी पैशाच्या अफरातफरीबद्दल दिवाणी दाव्यात जबाबदार धरलं; मायदेशातल्या फौजदारी खटल्यात ते 2009 मध्ये सुटले. घोषणेचा या कशावरही तिळमात्र परिणाम झाला नाही, हे तिच्या समर्थकांनीही पाहिलं.

दुसरी जागा मुख्य कलम. सामोआने जून 2017 मध्ये पहिल्याच कलमात वाक्य घातलं: बाप, पुत्र आणि पवित्र आत्मा यांनी स्थापलेलं ख्रिस्ती राष्ट्र. धर्मस्वातंत्र्याचं अकरावं कलम तसंच ठेवलं. आता न्यायाधीशासमोर कोडं: पहिलं कलम जड की अकरावं? मसुदाकाराने ‘अकराव्या कलमाला बाध न येता’ एवढे चार शब्द घातले की पहिलं कलम पोकळ होतं. न घातले तर अकरावं डळमळतं. मधला मार्ग आम्हाला तरी कुठल्याच मसुद्यात दिसलेला नाही. शिवाय बाप, पुत्र, पवित्र आत्मा असं घटनेत लिहिलं की राज्याने त्रैक्याच्या बाजूने निकाल दिला. यहोवाचे साक्षीदार या पंथाचे लोक त्रैक्य मानत नाहीत. मग ते ख्रिस्ती की नाहीत? हा वाद चौथ्या शतकापासून चालू आहे. तो कारकुनाच्या टेबलावर का ठेवायचा?

आणि सामोआत लगेच पुढे काय झालं पाहा. जानेवारी 2018 पासून त्याच सरकारने पाळकांना मंडळीकडून मिळणाऱ्या ‘अलोफा’वर, म्हणजे प्रेमभेटीवर, आयकर लावला. देशातल्या सगळ्यात मोठ्या काँग्रिगेशनल चर्चने तो भरायला नकार दिला आणि पाळकांना कोर्टाची पायरी चढावी लागली. कर योग्य की अयोग्य हा भाग वेगळा. पण राष्ट्र ख्रिस्ती झाल्यावर चर्चच्या शब्दाला वजन येईल अशी ज्यांची कल्पना होती, त्यांच्या हाती वर्षभराच्या आत नोटीस पडली.

पापुआ न्यू गिनीने मार्च 2025 मध्ये 80 विरुद्ध 4 मतांनी ख्रिस्ती राष्ट्राची दुरुस्ती केली. तिथल्या कॅथलिक बिशपांनी आधीच हरकत घेतली होती, ती वाहून गेली. त्या देशाचा मागचा एक प्रसंग मात्र तुमच्या उपयोगाचा आहे. डिसेंबर 2013 मध्ये सभापतींनी संसद भवनाच्या दर्शनी तुळईवरची लाकडी कोरीव मुंडकी ख्रिस्तविरोधी म्हणून उतरवून तोडायला लावली. 19 मुंडकी, देशाच्या वेगवेगळ्या भागांची खूण म्हणून कोरलेली. 2016 मध्ये न्यायालयाने ते कृत्य बेकायदा ठरवलं. तेव्हा घटनेत कलम नव्हतं म्हणून दाद लागली. आता तेच कृत्य कलमाचा हवाला देऊन करता येईल का, हे तिथल्या वकिलांना विचारा. आणि मग सुवाच्या संग्रहालयातल्या जुन्या देवघरांच्या प्रतिकृतींविषयी, तुमच्या सरदारांच्या यांगोना (कावा पेय) विधीविषयी विचार करा. यांगोना पिणं ख्रिस्ती आहे की नाही यावर तुमच्याच मंडळ्यांचं एकमत नाही.

रविवारचं तर तुम्हीच जगाला शिकवलंय. 1987 च्या हुकुमाने रविवारी व्यापार, खेळ, सार्वजनिक वाहतूक बंद झाली. चर्चला जायलाही बस नाही! ॲडव्हेंटिस्टांचा शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा पवित्र दिवस, शनिवारी. त्यांना शनिवार धर्माने बंद आणि रविवार सरकारने बंद, म्हणजे आठवड्याचे हातात पाच दिवस. हॉटेलं आणि पर्यटन कुरकुरू लागल्यावर सरकारने हुकूम सैल केला, तर डिसेंबर 1988 मध्ये मेथडिस्टांच्याच एका गटाने सुवाच्या रस्त्यांवर अडथळे उभारले. चर्चच्या अध्यक्षांनी विरोध केला आणि 1989 मध्ये त्यांनाच पद सोडावं लागलं. त्याच वर्षी लौटोकात हिंदू, मुस्लिम आणि शीख प्रार्थनास्थळांना आगी लागल्या आणि मेथडिस्ट युवक संघटनेतली पोरं पकडली गेली. शेवटी 1995 मध्ये हुकूम रद्द झाला. आठ वर्षांत त्या हुकुमाने भक्ती किती वाढवली ते देव जाणे; मेथडिस्ट चर्च मात्र उभं चिरलं.

आता कोकणाकडे. 1560 मध्ये गोव्यात धर्मन्यायालय आलं आणि मधली काही वर्षं सोडली तर 1812 पर्यंत राहिलं. त्याच सुमारास कुठ्ठाळीचा मंगेश नदी ओलांडून प्रियोळला गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला. पुढे हिंदूंच्या शेंडीवर कर बसला. शेंडीकर हे नाव थट्टेतलं नाही, वसुलीतलं आहे. हे सगळं आमच्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. कमी बोललं जातं ते असं, की राजधर्माने चर्चचं काय केलं.

पोर्तुगालच्या राजाला पाद्रोआदो नावाचा हक्क होता. बिशप तो नेमणार, पगार तो देणार, चर्च तो बांधणार. सौदा चांगला वाटतो. पण जो नेमतो तो काढतोही. 1759 मध्ये पोर्तुगीज सरकारने जेझुइट या कॅथलिक धर्मगुरूंच्या संघाला आपल्या सगळ्या मुलखातून हाकललं. 1826 च्या सनदेत कॅथलिक धर्म राजधर्म म्हणून स्पष्ट लिहिलेला होता. तरी 1834 मध्ये त्याच राज्याने संन्यस्त संघ बरखास्त केले आणि पुढच्याच वर्षी गोव्यातले मठ रिकामे झाले. जुन्या गोव्यात आज पर्यटक संत ऑगस्टिनच्या अर्ध्या मनोऱ्यासमोर फोटो काढतात. तो कुणा मराठ्याने किंवा आदिलशहाने पाडलेला नाही. राजधर्म मानणाऱ्या राजाने भिक्षूंना बाहेर काढलं, देखभाल थांबली, 1842 मध्ये छत कोसळलं आणि 1931 मध्ये मनोऱ्याचा मोठा भाग ढासळला. जांभा दगड, कोकणचा पाऊस आणि सरकारी मालकी, तिन्ही एकत्र आली की असंच होतं.

मुंबईत तर याहून गमतीचं. राज्य इंग्रजांचं, पण कॅथलिकांवर हक्क कुणाचा, पोर्तुगालच्या राजाने नेमलेल्या गोव्याच्या आर्चबिशपचा की रोमने पाठवलेल्या धर्मगुरूंचा? एकाच वस्तीत दोन बिशपांची दोन चर्चेस, एकाच घरात दोन पक्ष. 1853 मध्ये माहीमच्या सेंट मायकल चर्चवरून एवढं पेटलं, की रोमचे बिशप आपल्या माणसांसह आत कोंडून बसले आणि बाहेर विरोधकांचा वेढा. हा दुहेरी अंमल 1928 पर्यंत चालला, आणि मिटला तो कसा? मुंबईचा आर्चबिशप आळीपाळीने एक पोर्तुगीज, एक ब्रिटिश. 1950 मध्ये पोर्तुगालने हक्क सोडला तेव्हा कुठे व्हॅलेरियन ग्रेशस हे भारतीय आर्चबिशप त्या गादीवर आले. राजाने सोडेपर्यंत मुंबईच्या कॅथलिकांना आपला माणूस मिळाला नाही.

पोर्तुगालमध्ये 1910 ला प्रजासत्ताक आलं, 1911 ला धर्म आणि राज्य वेगळे झाले. तो कायदा चर्चवर सूड उगवल्यासारखा कडक होता, हेही सांगायला हवं. पण गोव्यातल्या हिंदूला सरकारी नोकरीचं आणि शाळेचं दार त्यानंतर उघडलं.

युरोपातल्या शांत उदाहरणांचा दाखला तुम्हाला दिला जाईल. इंग्लंडचं बघा, राजा चर्चचा प्रमुख, 26 बिशप वरिष्ठ सभागृहात, आणि काय बिघडलं? बिघडलं ते असं: चर्च ऑफ इंग्लंडने स्वतः तयार केलेलं सुधारित प्रार्थनापुस्तक कॉमन्स सभागृहाने 1927 मध्ये 238 विरुद्ध 205 आणि 1928 मध्ये 266 विरुद्ध 220 मतांनी फेटाळलं. मत देणाऱ्यांत त्या चर्चचे नसलेले सदस्यही होते. कोणती प्रार्थना म्हणायची हे संसदेने ठरवलं. तुमच्या मेथडिस्ट परिषदेचा ठराव संसदेतल्या सनातनी आणि मुस्लिम सदस्यांसह 55 जणांच्या मताला टाकायची तयारी आहे का? नॉर्वेत 2012 पर्यंत मंत्रिमंडळातल्या निम्म्याहून अधिक सदस्यांनी राजधर्माचं असावं असा नियम होता. खातेवाटपाआधी पंतप्रधानाला मंत्र्यांचा बाप्तिस्मा मोजावा लागायचा. त्यांनी तो नियम काढला. स्वीडनने 1 जानेवारी 2000 लाच चर्च राज्यापासून सोडवलं. ज्यांनी वापरून पाहिलं ते त्यातून बाहेर पडतायत, हे नवीन घेणाऱ्याने पाहायला नको?

पैशाचा विषय थोडक्यात. तुमच्याकडच्या शाळा मोठ्या प्रमाणात मेथडिस्ट, कॅथलिक, आर्य प्रतिनिधी सभा, सनातन धर्म सभा, दक्षिण भारतीयांची संगम आणि मुस्लिम लीग चालवतात आणि सरकार अनुदान देतं. आज हिशेब विद्यार्थीसंख्येवर होऊ शकतो, कारण झुकतं माप द्यायला घटनेने मनाई केलीय. मनाई गेल्यावर पहिल्या अर्थसंकल्पात हा प्रश्न येईल. दुसऱ्या अर्थसंकल्पात कॅथलिक विचारतील, मेथडिस्टांना जास्त का.

तरीही घटनेत देवाचा आणि तुमच्या इतिहासाचा उल्लेख हवाच असेल, तर वाक्य शोधायला लांब जायला नको. 1997 च्या तुमच्याच घटनेत ते होतं. उद्देशिकेत ख्रिस्ताच्या नावाने झालेल्या धर्मांतराचं स्मरण, ख्रिस्ती धर्माचा या बेटांवरचा चिरंतन प्रभाव आणि ‘इतर धर्मांसह’ त्याचं योगदान. पाचव्या कलमात: धर्म आणि राज्य वेगळे असले तरी ईश्वराची उपासना आणि आदर हा चांगल्या राज्यकारभाराचा स्रोत आहे, हे लोक मान्य करतात. क्रियापद पाहा. मान्य ‘लोक’ करतात, राज्य काही घोषित करत नाही. कोर्टात यावर भांडता येत नाही, आणि मंदिरातल्या पुजाऱ्यालाही ते वाचताना अडखळायला होत नाही. ते वाक्य निवडून आलेल्या संसदेने, सितिवेनी राबुका पंतप्रधान असताना, संमत केलं होतं.

आमच्याकडेही ही चर्चा झाली आहे. 17 ऑक्टोबर 1949 ला घटना समितीत ह. वि. कामथ यांनी उद्देशिकेची सुरुवात ‘ईश्वराच्या नावाने’ व्हावी अशी दुरुस्ती मांडली. देवाला मताला टाकू नका, अशी विनंती झाली. तरी मतदान झालं आणि 41 विरुद्ध 68 ने दुरुस्ती पडली. विरोध करणाऱ्यांत देवभक्त कमी नव्हते. पण शपथेत दोन पर्याय ठेवले: ‘ईश्वरसाक्ष शपथ घेतो’ किंवा ‘गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करतो’. आमदार, न्यायाधीश आपापला निवडतात आणि त्यावर कुणी कोर्टात जात नाही.

आणि तरीही सार्वमताला जाणारच असाल, तर आमच्या मागण्या मसुदा विभागाला कळवा. सार्वमताच्या किमान सहा महिने आधी कलमाचा शब्दन्‌शब्द पाठ इतौकेई (मूळ फिजीवासीयांची भाषा), फिजी हिंदी आणि इंग्रजीत छापा. ‘ख्रिस्ती’ची व्याख्या करणार असाल तर ती कोण करणार ते त्याच पानावर लिहा, करणार नसाल तर तसं लिहा. बाविसावं कलम, म्हणजे धर्मस्वातंत्र्य, या नव्या कलमाच्या वर की खाली, हे एका ओळीत सांगा. आणि पाठाला एक परिशिष्ट जोडा: या कलमामुळे कोणकोणते कायदे आणि नियम बदलतील त्यांची यादी. विवाह, शाळा, अनुदान, सुट्ट्या, दिवाळी आणि पैगंबर जयंतीसह, दुकानांच्या वेळा, परवाने. काहीच बदलणार नसेल तर परिशिष्ट कोरं सोडा आणि त्यावर सही करा. रविवारी सुवाहून नाउसोरीला बस सुटणार की नाही, एवढं तरी मतदाराला मतपत्रिका हातात घेण्याआधी कळू दे.

आपले,
धर्म आणि राज्यघटना यांचे काही मराठी अभ्यासक